‘अहो’ की ‘अरे’? : घरी एकत्र बसून वाचायच्या काही चित्रकादंबऱ्या



‘दिवसभर त्या स्क्रीनपुढे बसून काय करत असतोस रे?’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. ‘गेम’ असं एका शब्दाचं उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो. पण त्या एका शब्दात बरंच काही मावतं. गाड्यांच्या शर्यती मावतात, बंदुका मावतात, फुटबॉल मावतो. आणि एक असाही प्रकार मावतो ज्यात धावपळ जवळजवळ नसतेच. पडद्यावर एक चित्र असतं, त्याखाली दोन-तीन ओळींचा मजकूर असतो, मागे हलकं संगीत चालू असतं. वाचून झालं की बटण दाबायचं, पुढची ओळ येते. मधूनच गोष्ट थांबते आणि आपल्याला विचारते, ‘आता हिने काय उत्तर द्यावं?’ आपण जे निवडू त्याप्रमाणे गोष्ट पुढे वळते. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. आपण आपलं सोयीसाठी चित्रकादंबरी म्हणू या.

या अंकात अशा काही चित्रकादंबऱ्या आणि त्यांच्या जवळच्या नात्यातले काही खेळ सुचवायचे आहेत. निवडताना दोन चाळण्या लावल्या आहेत. पहिली, लिखाण चांगलं हवं. दुसरी, पात्रं थोडी हवीत. आणि या सगळ्यामागे एक हेतू आहे, तोही आधीच सांगून टाकते : या गोष्टी मुलांना एकट्याने वाचायला देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जायचं नाही. सोफ्यावर त्यांच्याशेजारी बसायचं, आणि आजी-आजोबा इकडे आलेले असतील तर त्यांनाही बसवायचं.

हे आपल्याला नवीन नाही

सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, एका कथेच्या चित्रांचा एक गठ्ठा, त्याला ‘पोथी’ म्हणायचं. चित्रकथी एकेक चित्र समोर धरतो, त्या चित्रातला प्रसंग गाऊन आणि बोलून सांगतो, रामाचा आवाज वेगळा, रावणाचा वेगळा. साथीला वाद्यं असतात. मग ते चित्र बाजूला ठेवून पुढचं. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला होता. चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांचा उल्लेख तर बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही येतो. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं रूपांतर या कलेच्या संग्रहालयात केलं. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून अवश्य थांबावं.

एक स्थिर चित्र, त्याखाली संवाद, मागे संगीत, मग पुढचं चित्र. चित्रकादंबरीची बैठक हीच आहे. जपानमध्ये १९८३ साली युजी होरी यांनी ‘पोर्टोपिया’ नावाची एक खुनाच्या तपासाची गोष्ट कॉम्प्युटरवर आणली. १९९२ साली चुनसॉफ्ट कंपनीने ‘ओतोगिरिसो’ काढली, तिला त्यांनी ‘ध्वनी-कादंबरी’ असं नाव दिलं होतं. तिथून हा प्रकार वाढला. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीच्या ‘राजी’ (२०२०) या खेळातही कथेचा पूर्वभाग छायाबाहुल्यांच्या चित्रांतून सांगितला आहे. तो खेळ मारामारीचा आहे म्हणून खालच्या यादीत घेतला नाही, एवढंच.

पिंगुळीत आणि या पडद्यात फरक एकच. पिंगुळीत गोष्ट सांगणारा माणूस समोर बसलेला असतो. पडद्यापुढे मूल एकटंच असतं, मनातल्या मनात वाचत. सांगणाऱ्याची जागा रिकामी आहे. ती जागा घरातल्या कुणीतरी घ्यावी, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

पात्रं थोडी का?

पहिलं कारण व्यवहाराचं. वीस-पंचवीस जपानी नावं, प्रत्येकाचे केस वेगळ्या रंगाचे, हे आपल्याला पाठ होत नाही. दहा मिनिटांत आजी विचारतात, ‘ही मगाचचीच का?’ आणि मूल वैतागतं.

दुसरं कारण नाटकवाल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ आठवा. घरात दोन म्हातारी माणसं आणि परदेशी गेलेला मुलगा. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा. एक खोली, मोजकी माणसं, आणि खेळता खेळता एकमेकांचे लचके. माणसं थोडी असली की प्रत्येक वाक्याला वजन येतं. कोण काय बोललं यापेक्षा कोण काय बोललं नाही, ते ऐकू यायला लागतं.

तिसरं कारण खास आपलं. दोन-तीन माणसांच्या गोष्टीत मधे थांबायला जागा असते. त्या थांब्यात शेजारी बसलेला माणूस काहीतरी बोलू शकतो.

‘यू’ची पंचाईत

या गोष्टी इंग्रजीत वाचायच्या आहेत. मुलाने एक ओळ मोठ्याने वाचायची आणि ती मराठीत सांगायची. आळीपाळीने, कधी त्याने, कधी आपण. पहिल्याच पानावर अडचण येते. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. मराठीत ठरवावं लागतं : तू, तुम्ही की आपण? बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते की ‘अरे’? दुकानातली मुलगी गिऱ्हाईकाला काय म्हणेल? भांडण झाल्यावर ‘तू’चं ‘तुम्ही’ होतं का?

हे ठरवायचं तर त्या दोन माणसांचं नातं समजून घ्यावं लागतं. वय किती, ओळख किती दिवसांची, राग आहे की लाज. बारा वर्षांचं मूल जेव्हा म्हणतं, ‘नाही आई, ती त्याला अजून तुम्हीच म्हणेल, अजून त्यांची तेवढी ओळख नाही झालेली’, तेव्हा त्याने व्याकरणाचा धडा न शिकता शिकलेला असतो, आणि गोष्टही आपल्याहून बारकाईने वाचलेली असते.

कार्डिफच्या मुलांना याची तयारी आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. वेल्समध्ये सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत वेल्श शिकावीच लागते, आणि वेल्शमध्ये ‘ती’ आणि ‘खी’ आहेत : मित्राला, भावंडाला ‘ती’, बाईंना किंवा अनोळखी मोठ्या माणसाला ‘खी’. म्हणजे आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’च. ‘बाईंना ती म्हणशील का?’ असं विचारलं की मूल हसतं आणि त्याला मुद्दा कळतो. लंडनच्या किंवा लेस्टरच्या मुलांना हा फायदा नाही, आपल्या मुलांना आहे, तर घ्यावा.

आता यादी. पहिल्या तीन मुलांबरोबर वाचण्यासारख्या आहेत, नंतरच्या तीन मोठ्या मुलांसाठी आणि आपल्या स्वतःसाठी.

१. वेण्बा (२०२३)

एकच घ्यायची असेल तर ही घ्या. टोरोंटोच्या विसाई गेम्सने केलेली ही गोष्ट १९८०च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात आलेल्या जोडप्याची आहे. वेण्बा, तिचा नवरा पावलन, आणि पुढे त्यांचा मुलगा कविन. बस, घर एवढंच. ‘वेण्बा’ हे एका जुन्या तमिळ छंदाचं नाव आहे. आपल्याकडे मुलीचं नाव ‘ओवी’ ठेवतात तसं.

वेण्बाच्या आईने दिलेली पाककृतींची वही आहे, पण ती फाटलेली, डाग पडलेली. अर्धवट ओळींवरून इडली, पुट्टू, बिर्याणी जमवायची असते. इडलीपात्राची ताटं कशी रचली म्हणजे वाफ सगळीकडे पोचेल, हे कोडं आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला एका नजरेत सुटेल. मुलाला सुटणार नाही. तिथे त्याला आपल्याकडे वळून विचारावं लागतं, आणि तो क्षण सोडू नका. आपलं इडलीपात्र फडताळातून काढून दाखवा.

स्वयंपाकाच्या मधे गोष्ट चालू राहते. परत जावं की राहावं याचा घोळ. शिक्षण चांगलं असून मनासारखी नोकरी न मिळणं. शाळेत जाणारा कविन तमिळ प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागतो, डब्यातलं जेवण नकोसं होतं. आरडाओरडा कुणी करत नाही. ‘संध्याछाया’त आईवडील तिथे राहतात आणि मुलगा दूर जातो, इथे आईवडील दूर येतात, आणि मुलगा घरातल्या घरात लांब जातो. पुढे एका टप्प्यावर खेळाची सूत्रं मुलाच्या हातात येतात, तेव्हा तीच वही त्याच्या नजरेने पाहायला मिळते. पुढचं सांगत नाही.

साधारण दीड तासात संपते. २०२४ साली हिला बाफ्टाचं पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट खेळाचं पारितोषिक मिळालं. सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबरही चालेल, पण एका ठिकाणी मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी येण्याची शक्यता आहे.

मराठीत सांगताना पहिला वाद ठरलेला : वेण्बा पावलनला ‘अहो’ म्हणेल की ‘अरे’? तमिळमध्येही तू आणि तुम्ही वेगळे आहेत. ८०च्या दशकातलं जोडपं आहे, हे आजी सांगतील. कॅनडात आहेत, हे मुलं सांगतील. ठरवून टाका, आणि मग शेवटपर्यंत तेच पाळा.

२. फ्लॉरेन्स (२०१८)

मेलबर्नच्या माउंटन्स या छोट्या कंपनीची, केन वाँग यांच्या नेतृत्वाखाली केलेली. फोनवरही चालते आणि पाऊण तासाच्या आत संपते. पंचवीस वर्षांची फ्लॉरेन्स येओ, तिच्या आईचे ठरावीक फोन, आणि चेलो वाजवणारा भारतीय वंशाचा कृष. पहिलं प्रेम कसं येतं आणि कसं जातं, एवढीच गोष्ट.

यात वाचायला जवळजवळ काहीच नाही, मग यादीत का? संवाद कसे दाखवले आहेत ते पाहा. पहिल्या भेटीत बोलण्याचा फुगा बरेच तुकडे जुळवून तयार करावा लागतो, कारण काय बोलावं ते सुचत नसतं. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. भांडण सुरू झालं की तुकड्यांना टोकं येतात. शब्द एकही लिहिलेला नाही. म्हणजे तो रिकामा फुगा आपणच भरायचा, मराठीत. ‘इथे कृष काय म्हणाला असेल?’ हा खेळ वयात येणाऱ्या मुलींबरोबर खेळून पाहा. एरवी ज्या विषयावर त्या आपल्याशी अवाक्षर काढणार नाहीत त्यावर, कृषच्या तोंडून का होईना, बोलतील.

३. प्लॅनेटेरियन (२००४)

जपानच्या ‘की’ या कंपनीची, लेखक युइची सुझुमोतो. पात्रं दोनच. महायुद्धाने ओस पडलेल्या शहरात सतत पाऊस पडतो आहे. भंगार गोळा करणारा एक माणूस आडोशाला एका इमारतीत शिरतो. वरच्या मजल्यावर तारांगण आहे आणि तिथे स्वागताला एक यंत्रमुलगी उभी आहे, युमेमी. माणसं निघून गेली आहेत हे तिला उमजलेलं नाही. इतक्या वर्षांनी प्रेक्षक आला म्हणून ती हरखते आणि त्याला तारे दाखवायला बघते. प्रोजेक्टर मात्र बिघडलेला आहे.

यात निवड करायला काही नाही, सरळ वाचत जायचं. चार-पाच तास लागतात, म्हणून तीन-चार शनिवारांत वाटून घ्या. बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी बरी. शेवट दुःखाचा आहे, पण त्या दुःखात कडवटपणा नाही.

मराठीत सांगायला ही सगळ्यांत मजेदार. युमेमी नम्र आणि भयंकर बडबडी आहे. इंग्रजीत तिचा नम्रपणा लांबलचक वाक्यांतून येतो. आपल्याकडे ‘आपण’ हा एक शब्द ते काम करतो : ‘आपण बसावं, आपली गैरसोय तर झाली नाही ना?’ आणि तो माणूस तिला सुरुवातीपासून खडखडीत ‘तू’ म्हणतो. ‘आपण’ आणि ‘तू’ यांच्यातलं हे अंतर गोष्टीच्या शेवटी कुठे जाऊन पोचतं, ते मुलांनाच विचारा.

४. कॉफी टॉक (२०२०)

इंडोनेशियाच्या तोगे प्रॉडक्शन्सची. कल्पना आणि लेखन मोहम्मद फाहमी यांचं. ते २०२२ साली अकाली वारले. सिॲटलमध्ये रात्री उघडणारं एक कॉफीचं दुकान, बाहेर पाऊस (आपल्याला वेगळं सांगायला नको), आणि गल्ल्यामागे आपण. गिऱ्हाईकं मात्र माणसांबरोबर परीकथेतलीही. पात्रं डझनभर असली तरी एका वेळी समोर दोघं-तिघंच बसलेले असतात, म्हणून चालवून घेतली. त्यात एक जोडपं आहे, दोघांच्या जाती वेगळ्या, म्हणजे अक्षरशः वेगळ्या प्राणिजाती. दोन्ही घरांतून लग्नाला विरोध. हा विषय आपल्याकडे कुणाला समजावून द्यायची गरज नाही. आपलं काम ऐकणं आणि पेय करून देणं. चहा, आलं, दालचिनी, दूध, मध असं साहित्य समोर असतं, तेव्हा आपला चहा जमतोच. चौदा-पंधराच्या पुढे.

५. एलायझा (२०१९)

ही आपल्यातल्या आयटीवाल्यांसाठी. झॅकट्रॉनिक्सची, लेखक मॅथ्यू सेइजी बर्न्स. एव्हलिन नावाची हुशार प्रोग्रामर काही वर्षांपूर्वी काम सोडून गेलेली आहे. ती परत येते ती साध्या कामावर : मनाच्या त्रासाने आलेल्या लोकांसमोर बसायचं आणि चष्म्यात कॉम्प्युटर जे वाक्य दाखवील तेच वाचून दाखवायचं. तो प्रोग्रॅम लिहिण्यात तिचाच हात होता. निवड करायची वेळ येते तेव्हा पर्याय एकच दिसतो, आणि हा एकच पर्याय काही वेळाने अंगावर यायला लागतो. समोरचा माणूस रडतो आहे आणि आपल्या हातात तेवढंच वाक्य आहे. २०१९ साली ही गोष्ट पुढच्या काळाची वाटत होती. आता कॉम्प्युटरशी बोलून मन मोकळं करणारी माणसं आपल्या ओळखीत निघतील. सगळे संवाद अभिनेत्यांच्या आवाजात आहेत. निराशेचे विषय असल्याने मोठ्यांनीच वाचावी.

६. एटी डेज (२०१४)

केंब्रिजच्या इंकलची, लेखिका भारतीय वंशाच्या मेग जयंत. ही खरं तर चित्रकादंबरी कमी आणि शब्दकादंबरी जास्त. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा, पण आपण नोकर पासपार्तू. साहेब फॉग यांचं सामान, पैसे, तब्येत सगळं आपल्याकडे. दोनच मुख्य पात्रं, आणि पाच लाखांहून अधिक शब्द, त्यातले एका प्रवासात थोडेच वाचून होतात. ‘टाइम’ साप्ताहिकाने २०१४च्या खेळांत हिला पहिला क्रमांक दिला होता. मूळ कादंबरीत हे दोघे १८७२ साली मुंबई बंदरात उतरतात आणि मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरल्यामुळे पासपार्तू मार खातो, हे मुलांना जरूर सांगा. व्हर्नच्या पुस्तकात जगातले लोक साहेबाच्या वाटेत येणारी दृश्यं असतात. जयंत यांच्या लेखनात ते लोक आपली बाजू मांडतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. आणि हो, पासपार्तू फॉगना ‘साहेब’ म्हणेल, की ‘मालक’?

आपल्या शेजारची मंडळी

दक्षिण वेल्समध्येच वेल्स इंटरॅक्टिव्ह नावाची कंपनी आहे, २०१२ साली स्थापन झालेली. चित्रांऐवजी खरे नट घेऊन केलेल्या, निवडीनुसार वळणाऱ्या गोष्टी ही तिची ओळख. एरवी या प्रकारात सगळं जपानचं आणि अमेरिकेचं असतं, म्हणून घराजवळचं नाव मुद्दाम देते.

त्यांनी प्रकाशित केलेली ‘द बंकर’ (२०१६) ही जवळजवळ एकपात्री. १९८६ साली इंग्लंडवर अणुबाँब पडले असं मानून, तळघरात उरलेल्या शेवटच्या माणसाची गोष्ट. एसेक्समधल्या खऱ्याखुऱ्या जुन्या बंकरमध्ये चित्रित केली आहे. ‘नाइट बुक’ (२०२१) मध्ये लोरालिन ही रात्रपाळीत ऑनलाइन काम करणारी दुभाषी आहे. वाचू नये असा मजकूर ती मोठ्याने वाचते आणि घरात नको ते येतं. दोन्ही भीतीच्या आहेत, मुलं झोपल्यावर पाहायच्या. ‘हू प्रेस्ड म्यूट ऑन अंकल मार्कस?’ (२०२२) मात्र हलकीफुलकी : व्हिडिओ कॉलवर नातेवाईकांची प्रश्नमंजूषा चालू आहे, मार्कसकाकांवर विषप्रयोग झाला आहे, आणि तो कॉलवरच्या कुणीतरी केला आहे. रविवारी सकाळी पुणे, कोल्हापूर आणि न्यू जर्सी एकाच पडद्यावर जमवणाऱ्या कुटुंबांना यातली निम्मी पात्रं ओळखीची वाटतील.

जरा जपून

चेहरे गोड आणि रंग गुलाबी म्हणून गोष्ट लहानांची, असं समजू नका. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) फुकट मिळते, पात्रं पाचच, लिखाण चलाख. दिसते शाळेतल्या कवितामंडळाची; पुढे आत्महत्येसारखे विषय आणि अंगावर येणारी दृश्यं आहेत. ही मुलांसाठी नाही असं ती स्वतःच सुरुवातीला सांगते. ते गांभीर्याने घ्या. आणि मूल ती आधीच वाचून बसलं असेल, तर रागावण्याआधी कशी वाटली ते विचारा.

दुकानातल्या डब्यावर पेगीचा आकडा असतो : ३, ७, १२, १६, १८. त्यातले १२, १६ आणि १८ हे या देशात २०१२पासून कायद्याने बंधनकारक आहेत. त्याहून लहान मुलाला दुकानदार विकू शकत नाही. कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या खेळांवर हा आकडा असेलच असं नाही. तिथे पहिला अर्धा तास आपण स्वतः वाचून पाहणं बरं.

बसायचं कसं

वेळ ठरवून घ्या, शनिवारी संध्याकाळी जेवणाआधी पाऊण तास बास. टीव्हीला जोडलं तर अक्षरं मोठी दिसतात, आजोबांचा चष्मा शोधावा लागत नाही. संवाद आपोआप पुढे जाण्याची सोय बंद ठेवा, म्हणजे बोलायला उसंत मिळते. बटण मुलाच्या हातात असू द्या. आपण हिसकावून घेतलं की संपलं.

पात्रं वाटून घ्या. मूल एकाचं इंग्रजी वाचील, आपण दुसऱ्याचं मराठी सांगा, मग अदलाबदल. मुलाचं मराठी चुकलं, ‘तो गेली’ झालं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. आपल्या पुढच्या वाक्यात बरोबर रूप आणा, कानावर पडतं. आजी मधेच म्हणतील, ‘हिने फोन का नाही केला आईला?’ म्हणू द्या. तो प्रश्न लेखकाने मुद्दाम सोडलेला असू शकतो.

निवडीचा प्रसंग आला की घरात मतदान घ्या, पण कारण सांगितल्याशिवाय मत धरायचं नाही, आणि कारण मराठीत. मोडकंतोडकं चालेल. मत फुटलं तर आणखी चांगलं. खेळ साठवून ठेवता येतो, पुढच्या शनिवारी दुसरी वाट धरून पाहा.

शनिवारच्या मराठीच्या वर्गात मुलं ‘माझी आई’ आणि ‘पावसाळा’ यांवर दहा ओळी लिहितात, त्या लिहायलाच हव्यात. पण भाषा टिकते ती तिच्यात काही ठरवावं लागलं तर : कुणाला काय म्हणायचं, कुणाची बाजू घ्यायची, कुठे गप्प बसायचं. आपल्या घरातले बरेचसे निर्णय मुलं आता इंग्रजीत घेतात. निदान वेण्बाचे आणि युमेमीचे त्यांनी मराठीत घ्यावेत.

पुढच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी भेटाल तेव्हा तुमच्या घरात ‘अहो’ ठरलं की ‘अरे’, ते अवश्य सांगा. भांडण झालं असेल तर ते आधी सांगा.